चलानाचा दंड कोणाच्या माथी?


उसाच्या ट्रॅक्टरचे ई-चलान मालकाच्या मोबाईलवर येते आणि दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो. हे बरे नव्हे. "मालक, भार जास्त झालाय," असं तो सांगतो. "एक खेप वाचते, जा," असं आपणच म्हणतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. असे वाहन चालवू देणाराही त्यात दोषी.

चलान आले की फोटो, नंबर, तारीख, ठिकाण पडताळा. बरोबर असेल तर भरा, पावती जपा. चूक असेल तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पुराव्यासह तक्रार करा. दाबून मात्र ठेवू नका. आणि ट्रॉलीला झेपेल तेवढाच ऊस भरा.

– ऊस विकास अधिकारी