शाळेची पारख
शाळा चांगली कोणती, ह्याचा निवाडा अधिकारी व पालक करतात. मुलांस कोणी विचारीत नाहीं. इटलींत फ्लॉरेन्सनजीकच्या डोंगरांत बार्बियाना नांवाची वाडी आहे. तेथील पाद्री लोरेन्झो मिलानी ह्यांच्या शाळेंतील आठ मुलांनीं १९६७ सालीं आपलें मत पुस्तकरूपानें मांडलें. त्यांतील कित्येकांस सरकारी शाळेनें नापास ठरविलें होतें. शाळा ज्या मुलांस गमावते, त्यांवरून तिची पारख करावी, असें त्यांचें म्हणणें. बार्बियानेस मागें पडलेल्यास समजेपर्यंत धडा पुढें सरकत नसे, मोठीं मुलें धाकट्यांस शिकवीत, आणि वर्षांत एकही सुटी नसे. सुटीबद्दल आम्ही सहमत नाहीं; खेळावांचून मूल कोमेजतें. बाकीचें मात्र आमच्या वाचकांनीं मनावर घ्यावें. आपल्या घरचीं मुलें बहुधा पुढच्या बाकावरचीं, म्हणून तें रुचावयास कठीण. गुणवंतांचे फलक भिंतींवर झळकतात. मध्येंच गळालेल्यांचीं नांवें पटावरून उतरलीं, कीं त्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं.