कॅमेरा फाईलपाशी थांबत नाही

जून २००२ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर 'क्राइम अँड पनिशमेंट' सुरू झाली, तेव्हा तिचे निर्माते डिक वुल्फ यांच्या गाठीशी 'लॉ अँड ऑर्डर'ची बारा वर्षं होती. या वेळी मात्र नट नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो जिल्ह्याचे खरे सरकारी वकील, खरे आरोपी, खरी ज्युरी. निवेदकाचा आवाज नाही, प्रसंग पुन्हा उभे करणं नाही. २००४ पर्यंत ती चालली. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल; पण त्याच साच्यातलं काही ना काही आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडतं. उद्या एखादा निर्माता जिल्हा न्यायालयाच्या आवारात येऊन "साहेब, तुमच्यावर एक सिरीज करायचीय" म्हणाला, तर कुणाला नवल वाटायला नको. त्याला काय सांगायचं, हे आजच ठरवलेलं बरं.

सॅन दिएगोच्या मालिकेत कॅमेरा सरकारी वकिलाच्या खांद्यामागे उभा असतो. साक्षीदार तयार होतात, युक्तिवाद घोटला जातो, ज्युरी आत जाते, बाहेर येते. पाहणारा नकळत फिर्यादी पक्षाचा होऊन जातो, आणि निर्दोष सुटका झाली की त्याला ती हार वाटते. सत्य दाखवूनही अर्धवट चित्र कसं उभं राहतं, याचा हा नमुना. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील मतदार निवडून देतात, हेही विसरू नये. आपल्या कार्यालयाचं दार उघडायचं की नाही, हे ठरवणाऱ्याला पुढची निवडणूक दिसत असते. (सॅन दिएगोचे तेव्हाचे प्रमुख पॉल फिंग्स्ट त्याच वर्षी नोव्हेंबरात हरले. म्हणजे मालिका काही कामी आली नाही.)

त्याहून मोठी अडचण आकड्यांची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये 'मिसुरी विरुद्ध फ्राय' या निकालात नोंदवलं आहे की, राज्यांच्या न्यायालयांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. म्हणजे मालिकेत दिसणारा पूर्ण खटला हा तिथला अपवाद. कोणतं कलम लावायचं, कोणतं सोडायचं, किती शिक्षेवर तडजोड करायची, हे सगळं टेबलाशी, फाईल समोर ठेवून ठरतं. सरकारी वकिलाची खरी सत्ता तिथे असते, आणि कोर्टरूममध्ये रमलेला कॅमेरा तिथे थांबत नाही.

इंग्लंडमध्ये गंमत झाली. तिथे १९२५ च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्रणाला बंदी आहे. क्राउन कोर्टातल्या न्यायाधीशांचं शिक्षा सुनावतानाचं भाष्य मात्र २०२२ पासून दाखवता येतं. त्यामुळे बीबीसीने २०१६ मध्ये 'द प्रॉसिक्यूटर्स' ही तीन भागांची मालिका केली, तेव्हा सुनावणी चित्रित करण्याचा मार्गच बंद होता. कॅमेऱ्याला क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसच्या कार्यालयात शिरावं लागलं, आणि पहिला अख्खा भाग गेला तो आरोप ठेवायचा की नाही या प्रश्नावर. दोषसिद्धीची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का, या दोन कसोट्या तिथे फाईलला लावतात. दुसऱ्या कसोटीपर्यंत न पोहोचता बंद होणारी फाईल हेही सरकारी वकिलाचंच काम, हे टीव्हीवर क्वचितच दिसलेलं सत्य एका जुन्या बंदीमुळे दिसलं.

आपल्याकडे कॅमेरा आणला तर काय दिसेल? सकाळी बोर्डावर तीस-चाळीस प्रकरणं. पंच आलेला नाही. तपासी अधिकाऱ्याची बदली झालेली, समन्स बजावून परत आलं की नाही हे पैरवी अंमलदाराला ठाऊक, आणि तो दुसऱ्या कोर्टात. सीए रिपोर्ट अजून यायचा आहे. मुद्देमालाचं पाकीट उघडल्यावर पंचनाम्यातलं वर्णन आणि आतली वस्तू जुळेना. दुपारी साक्षीदार सरतपासातच फितूर होतो आणि परवानगी घेऊन त्याचा उलटतपास आपणच घ्यायचा. मग पुढची तारीख. तासाभराच्या भागात हे बसवायला कोणताही संकलक सगळं कापून शेवटचा युक्तिवाद तेवढा ठेवेल. आम्ही त्याला दोष देणार नाही. पण तो जे कापेल, तेच आपलं काम आहे.

शिवाय आपल्या सरकारी वकिलाला इंग्लंडातल्यासारखा आरोप ठेवण्याचा अधिकार नाही. दोषारोपपत्र पोलिसांचं. 'आर. सरला' प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की, तपासी अधिकाऱ्याला सरकारी वकिलाच्या मताने दोषारोपपत्र ठरवायला लावता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने मात्र अभियोग संचालनालयातल्या अधिकाऱ्यांवर शिक्षेच्या मर्यादेनुसार पोलीस अहवालाची छाननी आणि खटल्यांवर देखरेख सोपवली आहे. ही छाननी नुसती सही होऊन बसेल की खरंच फाईल वाचली जाईल, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांवर ठरेल. कुणाला मालिका करायचीच असेल तर त्याने या टेबलापाशी बसावं.

बार कौन्सिलच्या नियमांत फौजदारी खटला चालवणाऱ्या वकिलाने निरपराधाला शिक्षा होऊ नये अशा रीतीने तो चालवावा आणि निर्दोषत्व दाखवू शकेल असा मजकूर दडवू नये, असं लिहिलेलं आहे. मनू शर्मा प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांमधल्या खटल्याचा धोका आणि सरकारी वकिलाचं हे कर्तव्य एकाच निकालात तपासलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, तपासात जप्त केलेल्या पण फिर्यादी पक्ष ज्यांचा आधार घेणार नाही अशा कागदपत्रांची यादीही आरोपीला मिळावी, असा नियम राज्यांना घालून दिला. आरोपीच्या उपयोगाचा कागद स्वतःहून पुढे करणारा सरकारी वकील, हा प्रसंग मालिकेत आणला तर प्रेक्षक गोंधळेल. तो गोंधळ आम्हाला हवा आहे.

कॅमेऱ्याची ओढ आपल्यालाही सोडत नाही. २६/११ च्या खटल्यात कसाबने बिर्याणी मागितल्याचं विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी माध्यमांना सांगितलं होतं. कसाबला २०१२ मध्ये फाशी झाल्यानंतर, २०१५ मध्ये, ती बातमी आपण रचली होती असं त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं. कसाबच्या बाजूने तयार होणारी भावनिक हवा मोडायची होती, हे त्यांचं समर्थन. पुरावा भक्कम होता, आणि तो न्यायालयाने जोखला. मग कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला फोडणीची गरज का पडावी? आमच्या मते पडत नव्हती, आणि इतक्या यशस्वी वकिलाने असं केल्याने नव्या मुलांना चुकीचा धडा मिळतो.

म्हणून निर्माता आलाच, तर त्याच्यापुढे अटी ठेवाव्यात. अपील निकाली निघेपर्यंत प्रसारण नाही. लैंगिक गुन्ह्यांतली पीडित व्यक्ती ओळखू येईल असं काहीही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ त्यासाठीच आहे. साक्षीदाराचा चेहरा त्याच्या लेखी संमतीवाचून नाही, आणि ती संमती पोलिसांनी घेतलेली चालणार नाही. बचाव पक्षाच्या वकिलाला तितकाच वेळ. आणि निर्दोष सुटकेचा निदान एक खटला पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्यात सरकारी वकिलाने आपलं काम नीट केलेलं असेल. या अटींवर पैसा घालणारी वाहिनी मिळेल असं वाटत नाही. पण आधी अटी लिहून संचालनालयाकडे पाठवू. मसुदा तयार होतो आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतून सूचना याव्यात.