खोटी विहीर, खरी परीक्षा

मुलांनो, नायगावकडं शेतात लाइट कधी येईल याचा नेम नसतो. मध्यरात्री आली, तर मामा बॅटरी घेऊन अंधारात मोटर सुरू करायला निघतात. म्हणून हल्ली ऑटो स्टार्टर बसवतात. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू!

समजा, अशा स्टार्टरचा प्रोग्रॅम तुम्हांलाच लिहायचाय. मोटर सुरू करण्याआधी प्रोग्रॅमनं दोन प्रश्न विचारायचे. लाइट आली का? विहिरीत पाणी आहे का? पाणी नसताना मोटर चालत राहिली तर ती जळते, आणि ऐन हंगामात खर्च अंगावर येतो.

आता प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासणार कसं? त्यासाठी भरलेली विहीर उपसून कोरडी करणार? मामा काठी घेऊन मागं लागतील!

इथं एक युक्ती आहे, बरं का. प्रोग्रॅममध्ये 'विहीर' हा एक भाग असतो. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. 'पाणी आहे का ते सांग' हे त्याचं काम, म्हणजे मेथड. तपासणीपुरती ती मेथड बदलायची. तिनं विहिरीत डोकवायचंच नाही, नुसतं 'नाही' म्हणायचं. या खोट्या मेथडला 'स्टब' म्हणतात. स्टब म्हणजे थोटूक. मग बघायचं, मोटर बंद राहते का? लाइटचाही असाच स्टब करायचा. आहे-नाहीच्या चार जोड्या होतात. त्यांतल्या एकाच जोडीला मोटर सुरू व्हायला हवी. चारही जोड्या क्षणात तपासून होतात, आणि विहिरीतलं पाणी जागच्या जागी!

पण स्टब हा पढवलेला पोपट. आपण शिकवलं तेवढंच तो बोलतो. याचा फटका मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही बसलाय.

४ जून १९९६. युरोपचं नवं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत त्याचे तुकडे झाले. सोबतचे चार उपग्रहही गेले. झालं काय होतं? रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रात जुन्या एरियान-४ चा प्रोग्रॅम होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्यातून आलेला आकडा ३२,७६७ च्या पुढं गेला. प्रोग्रॅममधल्या जागेत तो मावेना. यंत्र बंद पडलं. जोडीचं राखीव यंत्रही बंद पडलं, कारण त्यातही तोच प्रोग्रॅम!

आधी जमिनीवर चाचण्या झाल्या होत्या. पण सगळ्या रॉकेटच्या एकत्र चाचणीत या यंत्राच्या जागी त्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवला होता. सोंगाड्या कधी अडखळलाच नाही. खऱ्या यंत्राची नव्या रॉकेटच्या वेगानं परीक्षा घेतली असती, तर चूक जमिनीवरच सापडली असती, असं चौकशी समितीनं म्हटलं.

तेव्हा स्टब जरूर वापरा, पण शेवटी एकदा खऱ्या विहिरीलाही विचारा.

जाता जाता एक कोडं. उंदरानं पाणी तपासणारी वायर कुरतडली, तर 'आहे' नाही आणि 'नाही'ही नाही. उत्तरच आलं नाही, तर तुमच्या मोटरीनं काय करावं? विचार करा, आणि त्याचाही एक स्टब लिहा!