स्कूबाची हौस आणि कानाचा पडदा

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्या संपल्या की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अलीकडे एक नवा रुग्ण दिसू लागला आहे. मालवण, तारकर्ली नाहीतर गोव्याहून परतलेला, पंचविशी-तिशीचा, एका कानावर हात धरलेला. "डॉक्टर, कानात पाणी राहिलंय," असं सांगतो. पाहावं तर पाणी नसतं. पडद्यामागे रक्त साकळलेलं असतं, नाहीतर पडद्यालाच भोक पडलेलं. मोबाइलमधला माशांबरोबरचा व्हिडिओ मात्र छान आलेला असतो.

हिंगोलीला आणि समुद्राला काय देणंघेणं, असं आता म्हणता येत नाही. एमटीडीसीने तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षणाची संस्था काढली, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना पाण्याखाली नेणं हा मोठा व्यवसाय झाला. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याच्या प्रकल्पाला केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले आहेत. म्हणजे गर्दी वाढणारच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर लाइफ जॅकेट आणि बोटींची क्षमता यांवर बोललं जातं, ते हवंच. पण स्कूबात सगळ्यात जास्त होणारी इजा कानाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

कोकणात जाताना एसटी आंबोली घाट उतरू लागली की कान बंद होतात आणि आवंढा गिळला की फट्कन उघडतात, हे सगळ्यांनी अनुभवलं असेल. पडद्याच्या आत हवेची एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. एका बारीक नळीने ती नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, नळी उघडली की हवा आत शिरून दाब सारखा होतो.

आता हे पाहा. सुमारे सातशे मीटरचा घाट उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात एका मीटरच्या आतच वाढतो. अख्खा घाट तुम्ही कमरेएवढ्या खोलीत, काही सेकंदांत उतरलेले असता. दहा मीटरवर दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट होतो. नळी वेळेवर उघडली नाही, तर सव्वा-दीड मीटरवरच ती अशी चिकटून बसते की मग जोर लावूनही उघडत नाही. त्यानंतर पडदा फाटतो, कुणाचा दीड मीटरवर, कुणाचा पाचवर. आपल्या विहिरीच्या भाषेत, एक ते तीन पुरुष पाण्यात. त्यामुळे "आम्ही काही खोल गेलोच नव्हतो" या म्हणण्याला अर्थ उरत नाही. पडदा फाटला की थंड पाणी आत शिरतं आणि भोवळ येते. वर कुठे, खाली कुठे, हेच कळेनासं होतं. तोंडात श्वासाची नळी असताना उलटी होणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच नाकातून फुंकल्यासारखं करायचं. दुखायला लागण्याआधी आणि दर अर्ध्या मीटरला. कान उघडला नाही तर थोडं वर येऊन पुन्हा. जोराने फुंकलं तर आतल्या कानाची नाजूक खिडकी फाटू शकते, आणि त्यात गेलेली श्रवणशक्ती परत येईलच असं नाही. आणखी एक: पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. कान दुखत असेल तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवायचं.

खरी अडचण सर्दीची आहे. सर्दीत नळीची तोंडं सुजतात, त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. चांगल्या केंद्रांच्या अर्जात सर्दी, कान वाहणं, दमा हे विचारलेलं असतं. पण पैसे भरलेले, सोबत दहा मित्र, उद्या परतीची गाडी. मग सगळीकडे 'नाही'वर खूण होते. नाकात थेंब घालून उतरणारेही आहेत. त्यांचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा आत अडकते आणि कान उलट्या बाजूने दुखावतो. माझं स्पष्ट मत आहे की सर्दी-कानाच्या तक्रारीसाठी पैसे परत देणं किंवा तारीख बदलून देणं परवान्याच्या अटींतच घालावं. अर्जावर खोटी सही करण्याचं कारणच त्याने निम्मं संपेल. लहानपणी ज्यांचा कान वाहत होता त्यांनी निघण्याआधी इथेच पडदा तपासून घ्यावा. आपल्या भागात असे लोक कमी नाहीत. आणि घाट उतरताना आवंढा गिळूनही कान उघडला नाही, तर तीच तुमची परीक्षा समजा.

कान दुखावल्यावर "घरी गेल्यावर दाखवू" म्हणून लोक रात्रभर प्रवास करतात. नुसतं दुखत असेल तर एकवेळ चालेल. पण ऐकू कमी येणं, कानात सतत आवाज आणि गरगरणं असेल तर त्याच दिवशी ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठावं. घरी आल्यावर आजी लसणाचं कोमट तेल घेऊन उभी असते. फाटलेल्या पडद्यातून ते तेल थेट आत जातं. सूज आणि पू घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच तेलामुळेच येतात. तेल नको, मनाने आणलेले थेंब नकोत, जोराने नाक शिंकरणं नको. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. कान कोरडा राहिला तर बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात.

आणि हे फक्त समुद्राचं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारून तळाचा गाळ मुठीत वर आणण्याची पैज लावतात. दोन-तीन पुरुष पाण्याचा दाब तिथेही तितकाच असतो, आणि त्यांना नाक धरून कान उघडायला कुणी शिकवलेलं नसतं.