ध्यानाला पदर कशाला?

अरुणावतीच्या काठावरच्या आमच्या आर्णीत पहाटे ध्यानाचा वर्ग भरतो. बसायला सतरंजी, समोर समई, एरवी तक्रारीला जागा नाही. पण यंदा चातुर्मासात एक नवा नियम निघाला : डोके झाकल्याशिवाय बसायचे नाही. कारण काय, तर उघड्या टाळूतून साधनेची शक्ती निसटून जाते! गंमत अशी की पुरुषांना हा नियम 'ऐच्छिक' आणि बायकांना 'आवश्यक'. पुरुषांच्या टाळूला झाकण बसवूनच देवाने पाठवले असावे.

आता शास्त्रच काढायचे तर काढू. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसे घालावे ते सांगितले आहे. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. मान आणि मस्तक सरळ. बुडाखालच्या वस्त्राचा विचार केला, डोक्यावरच्या वस्त्राचा नाही. हठप्रदीपिका तर योग्याच्या मठाचे दार लहान असावे, भिंतीला भोके नसावीत, जमीन शेणाने सारवावी इथवर सांगते. इतक्या बारकाव्यात पदर तेवढा विसरला म्हणायचा? आणि शीर्षासनात तो सावरायचा कोणी?

कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला परंपरेचे वावडे. मुळीच नाही. आमच्या गावात बाबा कंबलपोषांचा दर्गा आहे. आत शिरताना मीही पदर घेते, हिंदू पुरुष खिशातला रुमाल डोक्यावर टाकतात. ती त्या जागेची अदब. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत भगव्या टोप्यांची रांग बसते, ती पाहून मन प्रसन्न होते. तिथे पाटील आणि सालदार एका टोपीखाली येतात. शीख परंपरेतले योगी भजन १९६८ साली उत्तर अमेरिकेत गेले, त्यांनी शिष्यांना डोक्याला पांढरे सुती वस्त्र बांधायला शिकवले. तो त्यांच्या पंथाचा रिवाज. आणि वैशाखात यवतमाळच्या उन्हात डोक्याला दुपट्टा न बांधणारा माणूस मला दाखवाच! अदब, शिस्त, ऊन, ही सगळी कारणे मला मान्य आहेत. शक्ती गळण्याचे तेवढे मान्य नाही. तसे असते तर केरळातल्या देवळांत उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने उभे राहणारे पुजारी केव्हाच रिते झाले असते.

मी हे हसण्यावारी नेले असते. पण वर्गात एक दहावीतली मुलगी येई. आई मजुरीला जाते. घरात एकच खोली, चार भावंडे. डोळे मिटून वीस मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी जागा तिला तेवढीच. एके दिवशी ती ओढणीशिवाय आली, तेव्हा सगळ्यांदेखत तिला उठवले. त्याच ओळीत चार बाप्ये बोडक्याने बसले होते. मी बोलले, तर उत्तर आले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगावे!" म्हणजे सांगण्यासारखे काही नव्हतेच.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी पदर खांद्यावरच ठेवून पहिल्या ओळीत बसले. मला उठवायचे धाडस कोणाला झाले नाही. पांढऱ्या केसांचा एवढा तरी उपयोग. दिवाळीची सुटी संपली की मी त्या मुलीच्या घरी जाणार आहे. बरोबर फराळाचा डबा नेईन, ओढणी नेणार नाही.