बंगल्यातला स्विमिंग पूल आणि कागदावर नसलेलं कुंपण

कामशेतहून पवनानगरला येणारा रस्ता शनिवारी दुपारनंतर बघावा. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. पूर्वी या गाड्या धरणाच्या कडेला थांबायच्या, आता बऱ्याचशा थेट बंगल्यांच्या गेटात शिरतात. बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न एकच, "स्विमिंग पूल आहे ना?" नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या बंगल्याला. त्यामुळे पवनमावळात, मुळशीत, लोणावळ्याच्या आसपास ज्याच्याकडे चार गुंठे मोकळे आहेत त्यानं निळ्या टाइल्सचा हौद बांधून घेतलाय. हे सगळे बाहेरचे शेठ आहेत असं समजू नका. बंगला वर्षाच्या करारावर चालवायला घेणारी पोरं आपलीच, केअरटेकर आपलाच, आणि आता तर स्वतःच्या गटात दोन खोल्या आणि पूल बांधून भाड्याने देणारे शेतकरीही आपलेच.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी धरणं, धबधबे, किल्ले अशा ठिकाणी मनाई आदेश काढले, पोलीस उभे राहिले, पाण्यात उतरायला बंदी आली. ते बरोबरच झालं. पण त्याचा एक परिणाम माझ्या मते असा झाला की लोकांना वाटायला लागलं, बाहेरचं पाणी धोक्याचं आणि बंगल्यातलं पाणी सेफ. कुंपणाच्या आत आहे, टाइल्स आहेत, चारच फूट खोल आहे, त्यात काय व्हायचंय?

चार फूट म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून पाणी. आणि लहान मूल बुडताना आवाज करत नाही. सिनेमात दाखवतात तसं हात हलवणं, "वाचवा वाचवा" काही नसतं. तोंड पाण्यात गेलं की ओरडायला श्वासच राहत नाही. मेंदूला तीन-चार मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर इजा व्हायला लागते, आणि तेवढा वेळ डिकीतून बॅगा काढण्यात सहज जातो. दहा-पंधरा माणसं एकदम आलेली असतात, आईला वाटतं पोरगं मावशीजवळ आहे, मावशीला वाटतं ते आईजवळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालात 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख लोक बुडून गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतले.

पाहुण्यांच्या मुलांची निदान बातमी तरी मोठी होते. दुसरं मूल कुणाच्या लक्षातच येत नाही, ते केअरटेकरचं. बंगल्याच्या मागं पत्र्याची खोली, त्यात नवरा-बायको आणि दोन लेकरं. सोमवार ते गुरुवार बंगला रिकामा. नवरा बाजाराला गेलेला, बायको चादरी धुतेय, पूल पाण्यानं भरलेला आणि मोकळा. शनिवार-रविवारी निदान माणसांची वर्दळ तरी असते. मंगळवारी दुपारी त्या पाण्याकडं बघायला कुणीच नसतं.

आता नियमाचं बघू. मावळ आणि मुळशीत बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडून घ्यावी लागते. नकाशा मंजूर होतो, पार्किंग बघतात, साइड मार्जिन बघतात. पण घराच्या आवारातल्या खासगी पुलाला आतून वेगळं कुंपण आहे का, त्याला आपोआप बंद होणारं गेट आहे का, हे सक्तीनं बघणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. पाण्याच्या दर्जासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 3328 हे मानक आहे, पण ते किती बंगलेवाल्यांनी ऐकलं असेल? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं डिसेंबर 2023 मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी देशपातळीवरचा आराखडा आणला. बंगल्याच्या गेटापर्यंत तो अजून पोचलेला दिसत नाही.

मग कायदा येतो कधी? पोरगं गेल्यावर. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मग नातेवाइकांची फिर्याद, मग भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणामुळे मृत्यू. जुन्या 304-अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून ती पाच वर्षांपर्यंत गेलीय. आणि फिर्यादीत नाव कुणाकुणाचं येऊ शकतं? मालकाचं, बंगला चालवायला घेतलेल्याचं, मॅनेजरचं आणि जागेवर हजर असलेल्या केअरटेकरचं. गुन्हा जामीनपात्र आहे, पण कोर्टाच्या तारखा काही चुकत नाहीत. मालकाकडे वकील असतो. महिन्याच्या पगारावर झाडू मारणाऱ्या, पुलात औषध टाकणाऱ्या आपल्या पोरानं काय करायचं? "कुंपण करा" असं त्यानं मालकाला दहादा सांगितलं असेल, पण तोंडी सांगितलेलं कोर्टात कोण मानणार. म्हणून केअरटेकर मंडळींना माझं सांगणं आहे, पुलाबद्दल जे सांगायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून सांगा, फोटोसकट, आणि तो मेसेज डिलीट करू नका.

बाहेरच्या देशांत यावर बराच घोळ घालून झालाय, त्यातून शिकण्यासारखं आहे. फ्रान्सनं जानेवारी 2003 मध्ये कायदा केला. खासगी पुलाला कुंपण, अलार्म, वजन पेलणारं झाकण किंवा पूर्ण बंदिस्त छप्पर यापैकी एक तरी पाहिजेच. नाही केलं तर दंड 45,000 युरोपर्यंत. त्यातली मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. जुन्या पुलांना मुदत देताना त्यांनी भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घरांना आधी पकडलं, मे 2004 पर्यंत. स्वतः राहणाऱ्या मालकांना 2006 पर्यंत वेळ दिला. कारण सरळ आहे. भाड्यानं आलेल्या माणसाला त्या घराचा कोपरा न् कोपरा माहीत नसतो. आपल्याकडेही सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

ऑस्ट्रेलियात नुसतं कुंपण असून भागत नाही, कुंपण कसं हेही ठरलेलं आहे. उंची किमान 1.2 मीटर, म्हणजे चार फूट. दोन गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे पोराचं डोकं जात नाही. गेट बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप बंद होणारं, आणि कडी मुलाच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, पाय ठेवायला आडवा गज असलं काही चालत नाही.

हे काही चंद्रावरचं काम नाही. कामशेतला, पौडला वेल्डिंगवाले आहेत. गोठ्याचं गेट करतात त्याच हातानं उभ्या गजांचं कुंपण करतील, स्प्रिंगचा बिजागर दुकानात मिळतो. अडचण पैशाची नाही. मालक म्हणतात फोटोत कुंपण दिसलं की व्ह्यू जातो. बंगल्याच्या बाहेरची कंपाउंड वॉल म्हणजे कुंपण, असंही सांगतात. अहो, ती भिंत चोरासाठी आहे. मूल तर घराच्या आतून, हॉलच्या काचेच्या दारातून पुलाकडे जातं. कुंपण घर आणि पाणी यांच्या मधे पाहिजे.

आता स्वच्छता. इथं गावच्या माणसाला शेठपेक्षा जास्त कळतं, कारण विहिरीत टीसीएल टाकणं आणि ओटी टेस्ट करणं ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला रोजचं आहे. पुलाचं शास्त्र तेच, फक्त मात्रा जास्त. साधारण 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 4 फूट खोल पुलात बावीस-तेवीस हजार लिटर पाणी बसतं. लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन आणि पीएच 7.2 ते 7.8 च्या मधे, एवढं सांभाळायचं. पाण्यात क्लोरिन अजिबात नसेल तर 2 मिलिग्रॅमसाठी 33 टक्केवाली टीसीएल पावडर सुमारे 140 ग्रॅम लागते. पण पोतं उघडं पडलेलं असेल तर पावडरची ताकद गेलेली असते, आणि उन्हात पाण्यातला क्लोरिन काही तासांतच उडतो. म्हणून सकाळी टाकलं आणि झालं असं नाही, संध्याकाळी परत तपासायचं.

डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, म्हणजे औषध जास्त झालंय असं लोक समजतात. बऱ्याचदा उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी मिसळून क्लोरिन संपत आलेला असतो, त्याचा तो वास. आंघोळ करूनच उतरा, असा बोर्ड त्यासाठी असतो. जुलाब लागलेल्या मुलाला तर उतरवूच नये, काही जंतू क्लोरिनलाही दाद देत नाहीत. आणि केअरटेकर भाऊंनो, टीसीएल आणि ॲसिड एकत्र करू नका, एकाच बादलीत तर मुळीच नाही. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद पंप रूममध्ये तो जीव घेऊ शकतो. क्लोरिनच्या गोळ्या आणि टीसीएलही एकमेकांत मिसळायच्या नाहीत, आग लागते.

केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदू खाणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले तेव्हा तिथल्या सरकारनं विहिरी आणि पूल क्लोरिनेट करायला लावले. हा अमिबा नाकातून शिरतो, पाणी पिऊन नाही. आजार दुर्मिळ आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण आठवडाभर औषध न टाकलेल्या कोमट पाण्यात मुलांना सूर मारू देऊ नये. आपल्याकडे त्याहून जवळचा धोका डेंग्यूचा. पावसाळ्यात बुकिंग नसताना फिल्टर बंद ठेवला की साठलेल्या स्वच्छ पाण्यात डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. ते डास कंपाउंड वॉल बघत नाहीत, शेजारच्या वस्तीत येतात.

पूल रिकामा करतानाही शेजाऱ्याच्या भातखाचरात नाही तर ओढ्यात पाइप सोडून देतात. क्लोरिनचं पाणी रोपांना आणि माशांना चालत नाही. औषध बंद करून चार दिवस उन्हात राहू द्या, मग सोडा, तेही विचारून.

विजेचं थोडक्यात. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच, आणि पुलाच्या सगळ्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पाणी ओढणाऱ्या तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं असेल तर त्या दिवशी पूल बंद, कारण तिथं केस अडकतात.

आणि कुणी बुडालंच तर? आपल्याकडे अजूनही माणसाला उलटं धरतात, डोक्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोट दाबतात. यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जातं. सपाट जागेवर उताणं झोपवायचं, डोकं मागं करून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास असं चालू ठेवायचं. दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. आतल्या गावांत ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हात थांबवायचे नाहीत.

जुन्नर, शिरूर, पुरंदरकडचे वाचक म्हणतील आमच्याकडे कुठले पूल. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं पुलापेक्षा वाईट. कागद ओला झाला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर सोडून ठेवायला किती खर्च येतो ते सांगायला नको.

राहिला प्रश्न करायचं कुणी. मुंबईत कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. ग्रामसभा ठराव करू शकते की भाड्यानं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक बंगल्यानं पुलाला आतलं कुंपण, ट्यूब आणि लांब काठी ठेवावी, रोजच्या क्लोरिनची वही ठेवावी, आणि अशा बंगल्यांची यादी ग्रामपंचायतीकडे असावी. ठरावाला कायद्याचं वजन नाही, हे खरं. पण सांगूनही केलं नाही, याचा लेखी पुरावा दप्तरी राहतो, आणि तो केअरटेकरच्या बाजूचा असतो. कित्येक गावांत पूल असलेले बंगले किती याचा साधा आकडाही नसतो. घरपट्टीसाठी नमुना 8 ची फेरतपासणी होते तेव्हा तेवढा एक रकाना वाढवला तरी मोजणी होऊन जाईल. ग्रामपंचायतीकडे विषयाचा अर्ज सभेच्या आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी उठून बोललं की "पुढच्या सभेत घेऊ" असं ऐकायला मिळतं.