सत्कार पुरे, करार सुधारा

रुग्णवाहिकेवरच्या माणसांची आठवण आपल्याला दोनच वेळा होते. मोठी दुर्घटना घडली की, किंवा गाडी यायला उशीर झाला की. पहिल्या वेळी ते देवदूत ठरतात, दुसऱ्या वेळी शिव्यांचे धनी. करोनाच्या साथीत २२ मार्च २०२० रोजी देशाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्या भावनेत खोटे काही नव्हते. पण फुले झाडून काढल्यानंतर रुग्णवाहिकेवरचा चालक जसा कंत्राटी होता तसाच कंत्राटी राहिला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या डॉक्टरचीही कथा वेगळी नव्हती. या लोकांविषयी राज्याला खरोखर कृतज्ञता आहे की नाही, हे पाहायचे तर सत्कार समारंभाच्या फोटोत पाहू नये. निविदेच्या कागदांत, पाळीच्या तासांत आणि पगाराच्या पावतीत पाहावे. तिथे आजतरी फारसे काही दिसत नाही.

यामागे एक जुना गैरसमज आहे. रुग्णवाहिका म्हणजे वाहतूक, उपचार सुरू होतात ते रुग्णालयात, असे आपण धरून चालतो. एकेकाळी ते खरेही होते. स्ट्रेचर टाकलेली व्हॅन, वर फिरणारा दिवा आणि जमेल तितक्या वेगाने गाडी हाणणारा चालक, एवढीच ती सोय होती. वाटेत काय होईल ते रुग्णाचे नशीब. हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि ती कल्पना पालटली. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून आहे. ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली. त्यांपैकी २३३ गाड्यांत व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर अशी प्रगत सामग्री होती, उरलेल्या ७०४ गाड्या प्राथमिक जीवरक्षणाच्या. राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून फोन केला तरी तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. पलीकडची व्यक्ती रडत, ओरडत, अर्धवट पत्ता सांगत असते. तिच्याकडून जागा काढून घ्यायची, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का हे विचारायचे आणि जवळची गाडी रवाना करायची. उपचारांची सुरुवात त्या फोनवर झालेली असते.

गाडी पोहोचल्यावरचे काम तर बहुतेकांनी नीट पाहिलेलेच नसते. महामार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण पडलेला आहे, आणि जमलेल्यांपैकी चौघे त्याला हातापायांना धरून रिक्षात घालण्याच्या बेतात आहेत. हेतू चांगलाच असतो. परंतु मानेचा मणका मोडला असेल तर त्या उचलण्याने जगणारा माणूस जन्मभर लुळा होऊ शकतो. रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर आधी त्या चौघांना थांबवतो, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरतो, मानेला पट्टा बांधतो, चालकाच्या मदतीने जखमीला सरळ ओळीत फळीवर घेतो, रक्त वाहत असेल तिथे दाब देतो. हे सगळे गर्दीच्या आरडाओरड्यात, बाजूने ट्रक जात असताना, रात्री मोबाइलच्या उजेडात करायचे असते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत गणित आणखी कठोर आहे. छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांच्या प्रवासात काय केले गेले, यावर रुग्णालयातल्या तज्ज्ञाला करण्यासारखे काही उरेल की नाही ते ठरते. घाटात गाडी बाजूला लावून बाळंतपण करणारे हेच लोक. रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीतून खाली आणलेल्या रुग्णाला ताब्यात घेणारेही हेच.

इतकी जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाला समाजात काय स्थान आहे? अग्निशमन दलाशी तुलना करून पाहावी. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी देशभर अग्निशमन दिन पाळला जातो. जवानाला गणवेश आहे, हुद्दा आहे, बढतीची शिडी आहे, राष्ट्रपती पदक आहे. त्यांचेही प्रश्न कमी नाहीत, पण ते कोण आहेत हे राज्याला ठाऊक आहे. १०८ वरच्या माणसाच्या अंगावर ठेकेदार कंपनीचा गणवेश असतो. ठेकेदार बदलायची वेळ आली की आपली नोकरी राहील का, या धास्तीत तो असतो. महाराष्ट्राने गाडीवर आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे पदवीधर डॉक्टर नेमले. बहुतेक राज्यांत हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. डॉक्टर नेमल्याचा रुग्णांना फायदा झाला, हे मान्य. मात्र दुसऱ्या चांगल्या नोकरीची वाट पाहत काही वर्षे काढायची जागा, असेच या पदाचे स्वरूप राहिले आणि आपत्कालीन सेवा हा स्वतंत्र पेशा म्हणून इथे रुजला नाही. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे नाव आहे, राज्यांनी परिषदा स्थापून नोंदणी करायची आहे. यादीत नाव आले म्हणजे पेशा उभा राहिला असे नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो अनाठायी नाही, की गाडी तासभर येत नाही तिथे कौतुक कसले करायचे? ज्याचा माणूस दारात तडफडून गेला त्याला हे सांगण्याची सोय नाही. पण उशीर कोणाचा, हे तपासायला हवे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. ९३७ गाड्या म्हणजे सुमारे एक लाख वीस हजार लोकांमागे एक. त्यातली एखादी दुरुस्तीला, एखादी दुसऱ्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रुग्ण पोहोचवायला गेलेली. शिवाय एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. रुग्णालयात खाट रिकामी नसली की रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर राहतो आणि स्ट्रेचर मिळेपर्यंत गाडी हलू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच बजावले. तरीही रुग्ण घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याची वेळ या कर्मचाऱ्यांवर येतेच. त्या वेळी नातेवाईक चिडतात ते समोर दिसणाऱ्यावर. खाटा न वाढवणारा समोर नसतो.

दुसरा आक्षेप, पगार घेतात तर काम करतातच, त्यात विशेष काय. विशेष हे की काही कामांत पगारापलीकडचे काही पणाला लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता, बचाव पथके पावसात पायी चढली. त्या चढणीवरच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. दरमहा पगार मिळत होता म्हणून हा मृत्यू किरकोळ ठरत नाही. तिसरा आक्षेप अर्थखात्याच्या भाषेत येतो. या सर्वांना कायम केले तर खर्च वाढेल आणि काम सुस्तावेल, असे म्हटले जाते. कायम करणे हा एकच मार्ग आहे, असे आमचेही म्हणणे नाही. सेवा ठेकेदाराकडे राहू द्या, पण ठेक्याच्या अटी सरकारच ठरवते ना? गाडी किती मिनिटांत पोहोचली पाहिजे हे करारात लिहिता येते, तर ती चालवणारा सलग किती तास जागा असू शकतो हेही लिहिता येते. बारा तासांच्या पाळीच्या शेवटी, पहाटे घाटात, मागे व्हेंटिलेटरवर रुग्ण असताना चालकाला डुलकी लागली तर वाचवलेला पैसा कोणाच्या कामाचा?

तसे लिहिण्याची संधी नुकतीच येऊन गेली. २०२४ मध्ये राज्याने नवा करार करताना ताफा १,७५६ वर नेण्याचे ठरवले. त्यात १६६ मोटरसायकली, ३६ बोटी आणि नवजात बालकांसाठी २५ गाड्या आहेत. गल्लीबोळांच्या शहरांना आणि धरणाकाठच्या गावांना त्यांचा उपयोग होईल. मात्र त्या काळातले वाद आठवून पाहा. कंत्राट कोणाला मिळाले, किती कोटींना मिळाले, यावर विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत रण माजले. ते माजायलाच हवे होते, पैसा जनतेचा आहे. पण त्या बोटींवर आणि मोटरसायकलींवर जे बसणार त्यांना पगार किती, विमा कसला, प्रशिक्षणाची उजळणी कधी, याची चर्चा त्या गदारोळात कोपऱ्यातच राहिली. गाड्या विकत घेता येतात, अनुभवी माणसे घडवावी लागतात. दोन वर्षांत सोडून जाणाऱ्या डॉक्टरबरोबर त्याचा अनुभवही जातो आणि पुढचा रुग्ण नवख्याच्या हाती पडतो.

म्हणून आरोग्य खात्याने चालू करारातच दुरुस्ती करून चार गोष्टी घालाव्यात. आठ तासांची पाळी, ठेकेदार बदलला तरी न तुटणारी सेवाज्येष्ठता, अपघात विमा आणि रुग्णालयाने किती मिनिटांत रुग्ण ताब्यात घ्यायचा याची बंधनकारक मुदत. राज्य परिषदेने नोंदणीचे काम पुढे ढकलू नये. नागरिकांवरही थोडे आहे. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तेव्हा बघ्याची भूमिका सोडावी. मौजेखातर १०८ फिरवू नये, आणि भोंगा ऐकू आला की गाडी डावीकडे घ्यावी. रुग्णवाहिकेच्या मागे मागे आपली गाडी दामटून सिग्नल तोडण्याची हुशारी तर तातडीने बंद करावी.